चाळीस टक्के कॉपी चालते म्हणे!

‘लायब्ररीची पायरी न चढता सात दिवसांत डिझर्टेशन’ हा फॉरवर्ड एव्हाना तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. मी त्याच्याकडे कानाडोळा केला होता. परवा भाचीनेच तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मावशी, असंच करू ना गं?’ ती एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिझर्टेशनला, म्हणजे पदवीसाठी लिहायच्या छोट्या प्रबंधाला, विषय घेतलाय १९७२चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना. आता गप्प बसवत नाही.

फॉरवर्डमधले मुद्दे असे: पुस्तकांतलं सगळं गूगलवर असतं, संदर्भसूची एआयकडून करून घ्या, कोणी तपासत नाही, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाने चाळीस टक्क्यांपर्यंत कॉपी चालते, विकिपीडिया उघडूसुद्धा नका, आणि ग्रंथपाल नुसते शिक्के मारतात, त्यांना विचारत बसू नका.

चाळीस टक्क्यांचा आधी समाचार घेते, कारण यात पोरांचं वर्ष जाईल. यूजीसीचे वाङ्मयचौर्यासंबंधीचे विनियम २०१८चे आहेत आणि कोणालाही वाचता येतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तिथला आकडा तेवढा उचलला, पुढची ओळ सोडली. दुसऱ्याच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत गेलात, तर लेखन परत मिळतं आणि ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यावं लागतं. चाळीस ते साठमध्ये सापडलात, तर वर्षभर सुधारित प्रतसुद्धा देता येत नाही. साठच्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. म्हणजे ‘चालते’ म्हणून सांगितलेला चाळीसचा आकडा हा पहिली शिक्षा संपून दुसरी लागू होते तिथला आहे! हे फक्त पीएच.डी.वाल्यांसाठी असेल, असंही समजू नका. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. पदवी हातात पडल्यावर चोरी उघडकीला आली, तर पदवी स्थगित ठेवण्याची तरतूदही आहे.

दहा टक्के म्हणजे कॉपीचा कोटाच, असं समजणारेही आहेत. त्यांनी हे वाचावं: नाव देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे सगळं वगळून मग साम्य मोजतात. दुसऱ्याचं वाक्य अवतरणचिन्हांत घातलं, लेखक आणि पान लिहिलं, की ते मोजणीत येतच नाही. एवढी एक ओळ लिहायचा कंटाळा, आणि टक्केवारी खाली आणायला शब्द उलटेपालटे करत रात्र जागवायची. धन्य आहे.

एआयच्या संदर्भसूचीची गंमत भाचीच्याच यादीत बघायला मिळाली. लेखक नावाजलेले अर्थतज्ज्ञ, नियतकालिक खरं, वर्षही पटण्याजोगं. खंड काढून ते पान उघडलं तर तिथे भलताच लेख, आणि वर्षाच्या सूचीत त्या लेखकाचं नावच नाही. ‘कोणी तपासत नाही’ म्हणे. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी ‘हा लेख कुठे वाचलास?’ एवढंच विचारलं तर काय सांगणार?

‘सगळं गूगलवर असतं’ यात अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करते. शोधगंगेवर देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध घरबसल्या फुकट मिळतात, जुनी गॅझेटियरंही मिळतात. वाचनालयात गेलं तर एमपीएससीवाल्यांनी बाटल्या ठेवून जागा धरलेल्या असतात, हेही खरं. पण गूगलवर ‘रोजगार हमी’ टाकून बघा. जॉब कार्ड, हजेरीपट आणि २००५चा केंद्राचा कायदा यांचाच पूर येतो. महाराष्ट्राची योजना त्याआधीची, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली. तिचा कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. खडी फोडणाऱ्या बायका, पाझर तलावांची कामं, सुकडीचं वाटप हे त्या वेळच्या अहवालांत आणि वर्तमानपत्रांच्या बांधीव खंडांत शोधावं लागतं.

ग्रंथालयाच्या संगणकावरही नुसतं ‘१९७२’ टाइप करून भागत नाही. त्या दुष्काळावर व्ही. सुब्रमण्यम या सनदी अधिकाऱ्याचं ‘पार्च्ड अर्थ’ हे पुस्तक आहे, १९७५चं. त्याच्या नावात वर्षं आहेत १९७०–७३. ओपॅकमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या पुस्तकसूचीत, ‘१९७२ दुष्काळ’ टाकणाऱ्याला ते दिसण्याची शक्यता कमीच. म्हणून एक पुस्तक सापडलं की त्याचा वर्गांक (विषयानुसार दिलेला, पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक) टिपून घ्यायचा आणि कपाटापाशी जाऊन शेजारची पुस्तकं चाळायची. विषयांना आकडे देऊन पुस्तकं लावायच्या ड्यूई पद्धतीत आपत्ती आणि मदतकार्य ३६३मध्ये, शेतीचं अर्थकारण ३३८मध्ये, रोजगार ३३१मध्ये. भाचीच्या विषयाला तिन्ही कपाटं लागणार. पुस्तक हातात आलं की आधी मागची सूची आणि तळटीपा बघायच्या. पुढच्या वाचनाची यादी तिथेच तयार असते आणि ती कोणीतरी खरोखर वाचलेली असते.

विकिपीडिया बिनधास्त उघडा. वाचा, खालचे दुवे घ्या, फक्त तिथेच थांबून त्याचाच हवाला देऊ नका. मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं आणि अनेक नोंदींखाली संदर्भही.

राहिले ग्रंथपाल. काही ठिकाणी तुटक बोलतात, मान्य. पण ‘मॅडम, दुष्काळावर काही आहे का?’ असं विचारलं तर त्या तरी काय देणार? ‘१९७० ते ७५मधले, मराठवाड्यातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरीचे सरकारी अहवाल हवेत’ असं विचारून बघा, बहुतेक वेळा खुर्चीवरून उठून कपाटापर्यंत येतात. आपल्याकडे नसेल तर कुठे मिळेल तेही सांगतात. पुण्यात असाल तर या विषयाला गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय बघायलाच हवं. बाहेरच्या विद्यार्थ्याकडे बऱ्याच ग्रंथालयांत कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र मागतात. पत्रावर विभागप्रमुखांची सही लागते, तेव्हा ते दिवाळीच्या सुट्टीआधीच घेऊन ठेवा.