फिटिंगचे पैसे घाला, पण सायकल घेण्याआधी

रविवारी सकाळी इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर सायकलवाल्यांकडे जरा नीट बघा. कार्बनच्या फ्रेमा, झकपक जर्सी, आणि कुणाची सीट इतकी खाली की गुडघे बाहेर फाकलेले, कुणाची इतकी वर की प्रत्येक पेडलला कंबर डोलतेय. पोह्यांच्या ठेल्यावर मात्र बाइक फिटिंगचा, म्हणजे फिटरकडून अंगाचं माप घेऊन त्याप्रमाणे सायकल बसवून घेण्याचा, विषय काढला की उत्तर ठरलेलं: "भिया, इत्ते में तो नए टायर आ जाएँगे!"

माझं मत असं की हे पैसे वाया जात नाहीत, पण आपण ते चुकीच्या वेळी घालतो. सेलमध्ये सायकल घ्यायची, मान आखडली की फिटर शोधायचा. तो बिचारा काय करणार? सीट मागेपुढे करील, 100 मिलिमीटरचा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) काढून 80 चा लावील. फ्रेमच मोठी असेल तर ती थोडीच कापता येते? तेच माप आधी घेतलं असतं तर कुठली साइज, किती लांब फ्रेम, हे दुकानात पाऊल टाकण्याआधी कळलं असतं. साठ हजारांचं बजेट असेल तर सायकल थोडी स्वस्तातली घ्या, उरलेले मापाला ठेवा.

घेऊन झाली असेल तर सीटची उंची आधी घरीच बघा. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, दोन पायांमध्ये जाड पुस्तक घट्ट वर दाबायचं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. त्याला 0.883 ने गुणा. 80 सेंटिमीटर आले तर 70.6. पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ही रीत ओळखली जाते. ही फक्त सुरुवात आहे. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. एका वेळी तीन-चार मिलिमीटरच हलवा.

"मिलिमीटरने काय होतं?" असं विचारणाऱ्या काकांसाठी: मिनिटाला 85 फेरे धरले तर तासाला 5,100 वेळा तोच गुडघा त्याच कोनात वाकतो. बेल्जियमचा दिग्गज सायकलपटू एडी मर्क्स 1969 मध्ये फ्रान्समधल्या ब्लुआच्या वेलोड्रोमवर (सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर) पडला, तेव्हापासून कंबरेचं दुखणं कायमचं मागे लागलं. नंतर तो चालू शर्यतीत पाना काढून सीट वरखाली करायचा. मर्क्ससारखा माणूस!

जवळच पितृपर्वतापर्यंत जाऊन येणाऱ्याला, काही दुखत नसेल तर, फिटरची गरज नाही. पण हाताची करंगळी बधिर होत असेल, जांघेत मुंग्या येत असतील, क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) शूज घेतल्यापासून गुडघा बोलू लागला असेल, किंवा 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब राइडचा, विचार असेल (मुदत साडेतेरा तास, तेवढा वेळ खोगिरावर!), तर जा. वेग वाढेल म्हणून मात्र जाऊ नका.

लेझर, कॅमेरे बघून भुलू नका. जुनी दुखापत, पाठ किती वाकते, आठवड्यात किती चालवता, हे न विचारता जो पाना उचलतो त्याच्याकडून उठून यावं. फिटरकडच्या ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) ताजेतवाने असताना सगळेच ताठ बसतात. सिमरोलचा घाट चढून परत येताना आपण कसे बसतो, ते त्याला कुठे दिसतं? म्हणून दर ठरवतानाच विचारा: महिनाभर चालवून परत आलो तर वेगळे पैसे पडतील का? "हो" म्हणाला तर मी दुसरा फिटर बघेन.