जुन्या वाड्याचे लाकूड आणि ‘शंभर वर्षे मुरलेला बर्मा साग’

जुना वाडा पाडताना निघणाऱ्या लाकडाविषयी एक मजकूर सध्या घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : हे लाकूड म्हणजे अस्सल बर्मा साग, शंभर वर्षे मुरल्याने ते नव्या सागापेक्षा मजबूत झालेले असते, ते आता हलत नाही (म्हणजे फुगत-आकसत नाही), त्याला वाळवी लागत नाही, आणि एवढे असून ते नव्याच्या निम्म्या भावात मिळते. जुन्या लाकडाचे सामान करण्याला माझा विरोध नाही, माझे लिहिण्याचे टेबलच एका तुळईतून निघालेले आहे. मात्र या पाच विधानांपैकी एकही जसेच्या तसे खरे नाही.

बर्मा सागापासून सुरुवात करू. १७३० साली पाया घातलेल्या शनिवारवाड्यासाठी साग जुन्नरच्या जंगलांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आणला, असे सांगितले जाते. सह्याद्रीत साग असताना पेशवाईतल्या वाडेकऱ्याने समुद्रापलीकडून लाकूड आणवण्याचे कारण नव्हते. ब्रह्मदेशातला साग मौलमीनच्या बंदरातून मुंबईत मोठ्या प्रमाणावर येऊ लागला तो एकोणिसाव्या शतकात, तो मुलूख इंग्रजांच्या हाती गेल्यानंतर. त्यामुळे मुंबईच्या जुन्या इमारतीत बर्मा साग सापडणे शक्य आहे, पण साताऱ्याकडच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या वाड्याच्या खांबाला ते नाव देणे म्हणजे केवळ भाव वाढवणे आहे. कोकणातल्या घरांत तर ऐन, किंजळ आणि फणस सर्रास वापरलेले असतात. काळवंडलेल्या पृष्ठभागावरून यांतले काहीच ओळखू येत नाही. तुळईचे टोक बोटभर कापून घ्यावे : ताज्या छेदात सागाची वर्षवलये स्पष्ट दिसतात, स्पर्श किंचित तेलकट लागतो आणि वास चामड्यासारखा येतो. वजनही बोलते. वाळलेला साग एका घनफुटाला साधारण १८ ते १९ किलो भरतो, ऐन त्याहून ठळकपणे जड लागतो. ऐन वाईट नव्हे, पण तो सागाच्या दराने घेऊ नये.

‘मुरणे’ हा शब्द लोणच्याला शोभतो. तोडलेल्या झाडात पुढे काही परिपक्व होत नाही. लाकूड वाळते, आणि एकदा हवेशी समतोल साधला की तिथे ती प्रक्रिया थांबते. जुना साग अनेकदा सरस असतो हे मात्र खरे आहे, आणि त्याचे कारण वाड्यातली शंभर वर्षे नसून तोडण्यापूर्वी झाडाने जगलेली वर्षे हे आहे. वयस्क झाडात गाभ्याचे लाकूड भरपूर आणि बाहेरचा फिकट, कच्चा थर कमी असतो. लागवडीतून लवकर तोडलेल्या सागात नेमके उलट असते.

वाळवीचा मुद्दाही याच थराशी येऊन थांबतो. सागाच्या गाभ्यातली नैसर्गिक द्रव्ये वाळवीला आणि बुरशीला दूर ठेवतात, फिकट थराला तसे संरक्षण नसते. शिवाय तुळईचे टोक वर्षानुवर्षे ओल्या भिंतीत गेलेले असेल, तर गाभाही आतून कुजलेला निघू शकतो. एका वखारीत मी वरून निर्दोष दिसणाऱ्या तुळईच्या टोकाला पटाशी लावली, तेव्हा ती मुठीपर्यंत आत गेली आणि चहाच्या चोथ्यासारखा भुगा बाहेर आला. विक्रेत्याने शांतपणे ती तुळई उलटी फिरवून ठेवली.

‘लाकूड हलत नाही’ हे विधान सर्वांत महाग पडते, कारण त्यावर विसंबून सुतार टेबलाची फळी खालच्या चौकटीला चहूबाजूंनी स्क्रूने आवळून टाकतो. लाकूड कितीही जुने असो, ते पावसाळ्यात ओलावा घेते आणि उन्हाळ्यात किंवा एसीच्या खोलीत तो सोडते. आडव्या रेघांच्या (म्हणजे वर्षवलये रुंदीला समांतर येतील अशा चिरलेल्या) सागवानी फळ्यांचे तीन फूट रुंद टेबल घेतले आणि लाकडातल्या ओलाव्यात चार टक्क्यांचा फरक पडला, तर रुंदीत सुमारे ७ मिलिमीटरचा फरक पडतो. तेवढी मोकळीक नसेल तर फळी मधोमध तडकते. जाड तुळई चिरल्यावर आतला ताण मोकळा होऊन फळ्यांना बाक येतो तो वेगळाच. म्हणून चिरलेल्या फळ्या पट्ट्यांवर रचून, ज्या हवेत सामान राहणार त्या हवेत काही आठवडे ठेवाव्यात आणि मगच शेवटचा रंधा मारावा.

आता निम्म्या भावाचा हिशेब. आठ फूट लांब, आठ बाय सहा इंची तुळई २.६७ घनफूट भरते आणि पैसे तेवढ्याचे द्यावे लागतात. कुसू (सांध्यासाठी कोरलेले टोक), खाचा आणि कुजका भाग काढण्यासाठी दोन्ही टोकांचा एकेक फूट जातो, तर खिळ्यांनी आणि हवेने खराब झालेला अर्धा इंच चारही बाजूंनी जातो. उरते ते सहा फूट लांब, सात बाय पाच इंची लाकूड, म्हणजे १.४६ घनफूट. दर इथेच पावणेदोनपटीच्या वर गेला, आणि करवतीच्या कापातला भुसा अजून धरलेलाच नाही. खिळा आत राहिला तर पात्याचे दात जातात, त्यामुळे अनेक सॉ मिलवाले असे लाकूड घेतच नाहीत. घेतले तर पात्याची भरपाई आधी ठरवतात.

त्या मजकुरात नसलेली एक गोष्ट याहून गंभीर आहे. जुन्या दारा-चौकटींवरच्या तैलरंगांत शिसे असण्याची दाट शक्यता असते; घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखात ९० भागांची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. ‘जुना लूक’ आणण्यासाठी असे दार गच्चीत कोरडेच घासले, तर ती धूळ घरातल्या लहान मुलांच्या हातातोंडाशी पोहोचते. रंग काढायचाच असेल तर पृष्ठभाग ओला ठेवून पाणी पेपरने (ओल्यात वापरायच्या घासकागदाने), चांगला मास्क लावून काढावा, मुलांना त्या वेळी लांब ठेवावे, आणि पडलेला चिखल झाडूने न लोटता ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बंद करावा.