आंबा रामाला खात नाही, म्हणून

पोळ्यापासून एक मेसेज फिरतो आहे. मला चार ग्रुपवर आला, त्यातले दोन शिक्षकांचे. मजकूर थोडक्यात असा: ‘राम आंबा खातो’ हे वाक्य मराठीत सहा तऱ्हांनी म्हणता येतं आणि अर्थ तोच राहतो. म्हणजे शब्द कळले की वाक्य कळलं. व्याकरण हे शाळेनं लादलेलं ओझं, मेंदू त्याच्याकडे बघतही नाही. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं.

मी विदर्भातल्या एका खेड्यात पाचवीला शिकवतो. गप्प बसवेना.

सहा क्रमांची गोष्ट खरी आहे. पण त्यात अर्थ टिकतो तो आंबा कुणाला खात नाही म्हणून. जोडी बदलून बघा. ‘ट्रॅक्टर बंडी ओढतो’ (बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी) म्हणा की ‘बंडी ट्रॅक्टर ओढतो’, ओढणारा ट्रॅक्टरच, कारण ‘ओढतो’ बंडीला लागत नाही. ‘बंडी ट्रॅक्टर ओढते’ म्हणून पाहा, पारावरची माणसं हसतील. एका मात्रेवर हसली, म्हणजे व्याकरण त्यांनी बरोब्बर पाहिलं.

आता पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी फसली आणि कुणी फोनवर सांगितलं, ‘ट्रॅक्टर ट्रक ओढतो आहे.’ दोन्ही पुल्लिंगी, दोन्ही निर्जीव, ताकद दोघांतही. प्रत्यय नाही, लिंगाचा आधार नाही. फसलं कोण हे फक्त क्रमावरून कळतं. शब्द उलटे केले की चिखलातली गाडी बदलते. ‘ट्रकला’ म्हटलं (आमच्याकडे ‘ट्रकले’) की क्रम पुन्हा मोकळा. मराठीत शब्द इकडेतिकडे फिरू शकतात, कारण त्यांचं ओझं कधी प्रत्यय उचलतो, कधी क्रियापद, तर कधी आपली जगाची ओळख. तिघांनीही हात वर केले की क्रम जागचा हलवता येत नाही. गंमत म्हणजे बोली इथे प्रमाण मराठीहून काटेकोर आहे. पुस्तकातला ‘मी भाकर खाल्ली’ म्हणतो, गावातला ‘म्या भाकर खाल्ली’ म्हणतो आणि कर्त्यावर खूण ठेवतो. त्या ‘म्या’साठी पोरांना रागावणारेही आम्हीच.

शब्द तेच तर अर्थ तोच? ‘मेलेल्या बैलाचा मालक’ आणि ‘बैलाचा मेलेला मालक’. शब्द तिन्ही तेच. मदतीचा चेक घ्यायला यातला एकच येऊ शकतो. ‘फक्त शेतकऱ्यांना बियाणं मिळेल’ आणि ‘शेतकऱ्यांना फक्त बियाणं मिळेल’ यांत काय फरक पडतो ते खताच्या आशेनं रांगेत उभं राहिलेल्याला विचारा.

मेंदूचं म्हणाल तर तो अर्थ आणि रचना दोन्ही तपासतो. 1980 मध्ये कुटास आणि हिलयार्ड या संशोधकांनी लोकांना ‘त्याने गरम पावाला मोजे लावले’ अशा धर्तीची इंग्रजी वाक्यं वाचायला दिली. विसंगत शब्द दिसल्यावर सुमारे 400 मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरीत ठळक बदल दिसला. रचना बिघडल्यावर वेगळी लहर उठते, सुमारे 600 मिलिसेकंदांच्या आसपास, हे 1992 मध्ये ऑस्टरहाउट आणि होलकॉम्ब यांनी दाखवलं. कारामाझ्झा आणि झुरीफ यांचा 1976 चा अभ्यास मला त्याहून बोलका वाटतो. मेंदूला इजा होऊन बोलणं तुटक झालेल्या (ब्रोका अफेजियाच्या) रुग्णांना ‘मुलगा खातोय ते सफरचंद लाल आहे’ अशी वाक्यं कळत. ‘वाघ ज्याचा पाठलाग करतोय तो सिंह लठ्ठ आहे’ म्हटलं की कोण कुणामागे, हे ते जवळजवळ अंदाजानंच सांगत. शब्द त्यांना येतच होते.

मेसेजच्या बाजूनं एक मान्य करतो. अर्थ कधीकधी रचनेवर दादागिरी करतो. किम आणि ऑस्टरहाउट यांनी 2005 मध्ये ‘जेवण खात होतं’ अशा थाटाची, व्याकरणानं बिनचूक वाक्यं वापरली. मेंदूत लहर उठली ती रचना चुकल्यावर उठते तीच. पण रचना बघितलीच नसती तर त्याला चूक कशात दिसली असती?

आणि पूर्वज. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात वाक्यार्थ कळायला तीन गोष्टी लागतात: आकांक्षा, योग्यता, संनिधी. ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ हे वाक्य होत नाही, कारण त्या शब्दांना एकमेकांची गरज नाही. ‘आगीनं शिंपावं’ यात रचना ठीक, पण आगीला शिंपण्याची योग्यता नाही. ‘गाय आण’ यातले शब्द प्रहराप्रहराच्या अंतरानं उच्चारले तरी बोध होत नाही. नुसत्या शब्दांवर भागतं, असं ते म्हणतच नाहीत.

गेल्या आठवड्यात फळ्यावर गणित लिहिलं: रमेशकडे 12 संत्री आहेत. ती सुरेशच्या संत्र्यांपेक्षा 4 जास्त आहेत. सुरेशकडे किती? अर्धा वर्ग ओरडला, सोळा! ‘जास्त’ दिसलं की बेरीज. मी कुणाला चूक म्हटलं नाही, पुन्हा वाचायला सांगितलं. मागच्या बाकावरची पोरगी बोट ठेवून पुटपुटत राहिली, मग उठली, “आठ हायेत सर. जास्त कोनाजोळ हायेत, थे पायलंच नव्हतं म्या.”