‘डायर वुल्फ तर आलाच की!’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: डायर वुल्फ (हिमयुगातला, नामशेष झालेला लांडग्यासारखा प्राणी) परत आलेला असताना ‘नामशेष प्राणी परत आणता येत नाहीत’ असं मी लिहिणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढून घेणं, मॅमथ (हिमयुगातला केसाळ हत्ती) आणला तर सायबेरियातली गोठलेली जमीन वितळण्यापासून वाचेल, आणि पैसा खासगी असताना इतरांनी खर्चाचं रडगाणं गाऊ नये.

आधी लांडगा. कोलॉसल या अमेरिकी जैवतंत्रज्ञान कंपनीने करड्या लांडग्याच्या रक्तातल्या पेशी घेतल्या, १४ जनुकांत २० बदल केले, त्या पेशीचं पेशीकेंद्र (डीएनए असलेला भाग) कुत्रीच्या बीजांडात घातलं आणि गर्भ पाळीव कुत्रीत वाढवला. त्या २० पैकी १५ बदल डायर वुल्फच्या प्राचीन डीएनएवरून घेतलेले होते. फिक्या रंगासाठी मात्र डायर वुल्फची मूळ जनुकरूपं टाळावी लागली, कारण करड्या लांडग्यात त्यांनी बहिरेपणा किंवा आंधळेपणा येण्याचा धोका होता. म्हणजे फोटोत सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो पांढरा रंगच डायर वुल्फकडून आलेला नाही! दोन्ही प्राण्यांचा डीएनए ९९.५ टक्के सारखा आहे, हे कंपनीचंच म्हणणं. लांडग्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, सुमारे २४० कोटी अक्षरांचा. त्याचा अर्धा टक्का म्हणजे १ कोटी २० लाख अक्षरं. बदल केले वीस. कंपनीच्या मुख्य शास्त्रज्ञ बेथ शॅपिरो यांनीही नंतर एका मुलाखतीत हे वीस बदल केलेले करडे लांडगे असल्याचं मान्य केलं.

खऱ्या अर्थाने परत आलेला प्राणी म्हणायचा तर स्पेनमधली बुकार्डो ही रानबकरी. शेवटची मादी सेलिया जानेवारी २००० मध्ये झाड अंगावर पडून मेली, पण त्याआधीच तिच्या त्वचेच्या पेशी गोठवून ठेवलेल्या होत्या. जिवंत गोठवलेली पेशी असली की अखंड पेशीकेंद्र मिळतं आणि क्लोनिंग जमू शकतं. शेकडो गर्भ तयार करून २००३ मध्ये एक पिल्लू जन्मलं आणि फुप्फुसातल्या दोषामुळे काही मिनिटांत गेलं. ते जगलं असतं तरी पुढे काय? सगळ्या पेशी एकाच मादीच्या, म्हणजे नर मिळणार कुठून?

मॅमथच्या बाबतीत तर अखंड पेशीकेंद्रही नाही. डीएनएचे बारीक तुकडे मिळतात आणि ते त्याच्या जवळच्या नातलगाच्या, आशियाई हत्तीच्या, जीनोमवर बसवून क्रम जुळवावा लागतो. दोन प्राणी जिथे जास्त वेगळे, तिथेच तुकडे बसत नाहीत. ख्रिसमस बेटावरच्या नामशेष उंदरावर २०२२ मध्ये हा प्रयोग झाला. नमुना उत्तम होता, तरी जवळपास ५ टक्के जीनोम हाती लागला नाही, आणि नेमकी वास व रोगप्रतिकाराची बरीच जनुकं त्यात गेली. प्राण्याच्या जगण्याशी ज्यांचा सर्वात जवळचा संबंध, तीच.

गोठलेल्या जमिनीचा तुमचा मुद्दा मात्र निराधार नाही. हिवाळ्यातला भुसभुशीत बर्फ थंडी खाली जाऊ देत नाही. जनावरांनी तो तुडवला की जमीन खोलवर गोठते. पण सायबेरियातल्या याकुतियात सर्गेई झिमोव हे रशियन शास्त्रज्ञ १९९६ पासून घोडे, बायसन, कस्तुरी बैल यांच्यावर हाच प्रयोग करत आहेत. त्यासाठी मॅमथ लागत नाही. परिणाम दिसायला हजारो जनावरं लागतील, आणि हत्तीण एका पिल्लासाठी २२ महिने गाभण राहते, त्यानंतरचं पिल्लू चार-पाच वर्षांनी. सरोगेट म्हणून वापरायची ती आशियाई हत्तीण स्वतःच धोक्यात आहे, त्यामुळे प्रत्येक फसलेल्या गर्भामागे त्या प्रजातीचं हक्काचं एक पिल्लू बुडू शकतं. कृत्रिम गर्भाशयाचं म्हणाल, तर त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाढून जन्मलेला एकही सस्तन प्राणी आजवर नाही.

तंत्राला माझा विरोध नाही, उपयोगाच्या जागेबद्दल आहे. अमेरिकेतले आजचे जवळजवळ सगळे काळ्या पायांचे फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा मांसभक्षक प्राणी) सातच प्राण्यांचे वंशज. १९८८ मध्ये मेलेल्या विला या मादीचा वंश त्यांत नव्हता, पण तिच्या पेशी गोठवलेल्या होत्या. त्यांतून २०२० मध्ये एलिझाबेथ ॲन जन्मली. गर्भाशयातल्या दोषामुळे तिला पिल्लं झाली नाहीत. दुसरा क्लोन अँटोनियाला मात्र २०२४ मध्ये तीन झाली, त्यांतली दोन जगली. हरवलेली जनुकं जिवंत कळपात परत आली ती अशी. इथे पालक आहेत, अधिवास आहे, काय शिकायचं ते शिकवणारे सोबती आहेत. बातमी मात्र चार ओळींची झाली.

राहिला खासगी पैसा. डायर वुल्फची बातमी येताच अमेरिकेचे अंतर्गत खात्याचे (तिथे हे खातं सरकारी जमिनी आणि वन्यजीव पाहतं) मंत्री डग बर्गम यांनी धोक्यातल्या प्रजातींच्या यादीवर टीका केली आणि नियमनापेक्षा नवतंत्रज्ञानावर भर द्यावा असं सुचवलं. पैसा कंपनीचा असेल, पण त्या यादीतल्या प्राण्यांचं कायदेशीर संरक्षण सगळ्यांचं आहे. वीस बदल केलेल्या तीन पिल्लांच्या जोरावर ते सैल होणार असेल, तर खर्चाचा हिशोब विचारायचा अधिकार आपल्यालाही आहे.