सहा तासांचा प्रवास, साडेनऊ तासांचे काका

टोकियोहून दिल्लीला येणाऱ्या विमानात मला मधली सीट मिळाली. खिडकी नाही, पॅसेज नाही, आणि कोपर टेकायच्या दोन्ही जागा आधीच बळकावलेल्या. हे अजून डोक्यातून गेलेलं नाही, पण ते सोडा, विषय उजवीकडच्या काकांचा आहे.

काकांनी तिकिटावर वाचलं होतं, निघणार साडेअकराला, पोचणार साडेपाचला. म्हणजे सहा तास. घरी तसं कळवूनही मोकळे. मी (कोणी विचारलं नव्हतं) म्हटलं, काका, जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं, म्हणजे खरे साडेनऊ. काकांनी असं बघितलं की ते साडेतीन तास मीच खिशात घातलेत.

"अहो, पण जाताना आठ तासांत पोचलो की! अंतर तेच, ५,९०० किलोमीटर. रस्ता वाढला का?"

रस्ता नाही काका, वारा. मग मी जेट स्ट्रीम सांगितला, साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जपानवर तर कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो, जाताना विमानाला मागून ढकलतो आणि येताना समोरून अडवतो. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वारा कोणी बघितलाय? मला सांगा, पृथ्वी कुठून कुठे फिरते?"

"पश्चिमेकडून पूर्वेकडे."

"मग! दिल्ली स्वतःच आपल्याकडे येतेय. आपण नुसतं वर थांबायचं. उलट लवकर पोचायला हवं!"

मी म्हटलं, अहो हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते ना.

"बरोबर फिरते? मग वारा कसला?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण तेवढ्यात जेवण आलं आणि काकांनी जिंकल्याच्या आनंदात माझ्या ट्रेमधली बटरची वडीही उचलली.

तसा वारा बघितलाय, जपानमध्येच. वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात तातेनोहून फुगे सोडून हे वारे मोजले. आणि जगाने वाचावं म्हणून १९२६ साली छापलं कशात, तर एस्पेरांतो या, सगळ्या जगासाठी म्हणून मुद्दाम बनवलेल्या कृत्रिम भाषेत! जगाने अर्थातच वाचलं नाही. पुढे महायुद्धात अमेरिकेची बॉम्बर विमानं जपानवर गेली तेव्हा त्यांना हे वारे थेट तोंडावर बसले. समजावून सांगणाऱ्याचं हे असं होतं.

समोरच्या स्क्रीनवर वेगाचा आकडा. जाताना हजाराच्या वर होता, आता सातशेच्या आसपास रेंगाळतोय. "बघा, मुद्दाम हळू चालवतोय, डिझेल वाचवतोय!" आकडा हलला की काकांचं कोपर माझ्या बरगडीत. झोप लागली की हमखास.

आणि या कंपन्याही कमी नाहीत. वेळापत्रकात जादा मिनिटं आधीच धरून ठेवायची, मग वीस मिनिटं आधी उतरलो की वर फुशारकीची घोषणा, आणि नंतर गेट रिकामं नाही म्हणून तेवढाच वेळ जमिनीवर बसवायचं. त्या विसाचा हिशोब कोण देणार? तिकिटाला पैसे मोजलेत, बरगडीचे वेगळे.

त्या बसवलेल्या वेळात काकांनी घरी फोन लावला. "हो, उतरलो. नाही गं, सहाच तासांचं होतं, पण इथे शेजारी एक जण बसलेत, त्यांनी मधेच वाऱ्याचं काहीतरी काढलं."