एक म्हणता येईना म्हणून दोन

एरिट्रियाच्या राजधानीत, अस्मारात शिकवायला आलो तेव्हा इथल्या तिग्रिन्या भाषेचा अक्षरतक्ता बघून मी चक्क सुखावलो. लिपी डावीकडून उजवीकडे जाणारी, आणि प्रत्येक व्यंजनाची सात रूपं एका ओळीत: बॅ, बू, बी, बा, बे, ब्, बो. अहो, ही तर आपली बाराखडीच, महागाईत सातखडी झालेली! अक्षरं दोनशेच्या वर असली तरी आपण काही काल जन्मलेलो नाही.

घरमालकीणबाईंचा नातू पहिलीत. तोही हाच तक्ता गिरवत होता. आठवड्याभरात तो पुढं गेला आणि माझा गुरुजी झाला.

आपला काना कुठल्याही अक्षराला लावा, कानाच दिसतो. इथं ऊकार म्हणजे अक्षराच्या कमरेला खुंटी, ईकार म्हणजे पायात चप्पल, एकार म्हणजे पायात जोडवं. आकारासाठी एक पाय आखूड करून अक्षराला लंगडायला लावतात. हेही चाललं असतं, पण सहाव्या रकान्यात कायद्याचं राज्यच संपतं. कुणाचा हात मोडलेला, कुणाची मान मुरगळलेली. शिवाय हे सहावं रूप कधी पुसटसा स्वर घेऊन येतं, कधी नुसतंच व्यंजन. जोडाक्षरागत दुप्पट उच्चारायचं व्यंजनही लिहिताना एकेरीच.

"मग कळतं कसं?"

"माहीत असतं," गुरुजी म्हणाले.

चौथ्या शतकात, इथल्या प्राचीन अक्सुम राज्याच्या एझाना राजाच्या काळात, या लिपीत स्वर आले. त्याआधी नुसती व्यंजनं होती. काही अभ्यासकांना यात भारतीय लिप्यांचा हात असावा असं वाटतं. म्हणजे तक्रार करायची तरी कुणाकडं?

पण खरी फजिती तोंडाची. इथं दोन त आहेत. एक साधा, दुसरा श्वास कोंडून, गोटी सोड्याची बाटली फोडल्यासारखा उडवायचा. क, च, प यांचीही अशीच सोडा आवृत्ती. 'कमेय अलेखी?' म्हणजे कशी आहेस. (पहिल्या दिवशी मी सत्तरीच्या मालकीणबाईंना 'अलेखा' विचारलं होतं, म्हणजे 'कसा आहेस रे?') याचं उत्तर 'त्सुब्बुक', छान. चमच्यातला च आपल्या घरचा, म्हणून मी छाती फुगवून म्हटलं. गुरुजींनी मान हलवली. तो त्सही सोड्यातला, आणि शेवटचा क घशाच्या तळाशी खरवडायचा. छान आहे म्हणताना माझा चेहरा असा होतो की विचारणारा डॉक्टरचा पत्ता सांगू लागतो.

त्यात घशातून येणारे दोन आवाज. एक ह चष्म्याच्या काचेवर वाफ सोडावी तसा, पण आणखी खालून. दुसरा अ, 'आ करा' म्हणत डॉक्टरांनी जिभेवर चमचा दाबल्यावर निघतो तो. हे दोघं नेमके आकड्यांत बसलेत. एक, चार, पाच, सात, नऊ, दहा, सगळे घशातले. मला येतात फक्त किल्ते, सेलेस्ते, शुदुश्ते आणि शेमोन्ते: दोन, तीन, सहा, आठ. त्यामुळे माझी खरेदी याच आकड्यांत चालते. बानी म्हणजे इथला पाव, तो आठ घेतो, निम्मा शेजारी वाटतो. अंड्याला शब्द आहे 'इन्क्वाक्व्हो'. अंडी मी सोडली. कोंबडीला ते घालताना एवढा त्रास होत नसावा.

हार्नेत रस्त्यावरच्या कॅफेत इटालियनांनी मागं ठेवलेली मकियातो कॉफी झकास मिळते. 'एक' जमत नाही म्हणून रोज दोन मागवतो. वेटरला वाटतं, माझं कुणीतरी यायचंय. पाच महिने झाले, आता तो माझ्याकडं करुणेनं बघतो.

परवा गुरुजी म्हणाले, "तुमचं काहीतरी लिहा." मी 'चहा' लिहिलं, खाली 'चमचा'. वाचून दाखवलं. त्यानं तिन्ही चंवर बोट ठेवलं.

"अक्षर एकच, मग आवाज वेगळे का? कळतं कसं?"

"माहीत असतं," मी म्हणालो. आजी खोलीभर हसल्या.

त्या रात्री आरशासमोर तासभर चष्मा पुसल्यासारखा ह घोटला. सकाळी कॅफेत गेलो, खालून वाफ सोडली: "हादे मकियातो!" वेटर थबकला. पुढं आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, समोरची रिकामी खुर्ची हलकेच बाजूला सरकवली, आणि त्या दिवशीचे पैसे घेतले नाहीत.