ऑपरेशन यशस्वी, मग आईला कमी का ऐकू येतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री ओपीडी उरकल्यावर वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. 'वाहता कान अंगावर काढू नका' या माझ्या लेखावर ताई म्हणतात की त्यांच्या आईचा कान तीस वर्षं अधूनमधून वाहायचा, थेंब टाकले की थांबायचा, कामापुरतं ऐकूही यायचं. मग ऑपरेशन झालं आणि त्या कानाचं ऐकणं आणखी उतरलं. शिवाय दर सहा महिन्यांनी कान साफ करायला दवाखान्यात जावं लागतं. "वर डॉक्टर म्हणतात ऑपरेशन यशस्वी. तुमचा लेख म्हणजे धंद्याची जाहिरात."

राग आला, खोटं कशाला बोलू. पण लेख पुन्हा उघडला तर ऐकणं कमी होऊ शकतं याला मी जेमतेम एक ओळ दिलेली, तीही शेवटी. ती चूक माझी. आज तेवढंच नीट लिहितो.

आपण सरसकट 'कान फुटला' म्हणतो, पण त्यात दोन वेगळे आजार असतात. एकात पडद्याच्या मध्यभागी छिद्र असतं. सर्दी झाली की पातळ, तार येणारा पाझर येतो, वास नसतो, औषधाने कान कोरडा होतो. दुसऱ्यात पाझर थोडाच असतो, पण त्याला कुजका वास येतो. पडद्याचा वरचा कोपरा आत ओढला जाऊन तिथे कातडीची पिशवी तयार झालेली असते. अंगावरची कातडी झडते तशी हीही झडते, पण कोंडा बाहेर पडायला वाट नसते. तो आत साठत जातो, पिशवी फुगते आणि भोवतालचं हाड खात सुटते. हिला कोलेस्टिटोमा म्हणतात. हे नाव 1838 मध्ये योहानेस म्युलर यांनी रूढ केलं आणि ते साफ चुकीचं आहे. यात ना कोलेस्टेरॉलचा संबंध, ना ही गाठ. पण चिकटलं ते चिकटलं.

थेंबांनी वरचा जंतुसंसर्ग निवतो, म्हणून कान 'बरा' वाटतो. पिशवीतला कोंडा मात्र मेलेला असतो, त्यात रक्त खेळत नाही. गोळी घ्या, इंजेक्शन घ्या, औषध तिथवर पोचणार कसं?

आता तुमचा मुख्य प्रश्न. मायक्रोस्कोपखाली असा कान उघडला की मोत्याच्या रंगाची पिशवी दिसते, आत कांद्यासारखे पापुद्रे. मधल्या कानात हातोडा, ऐरण, रिकीब अशी तीन हाडांची साखळी असते. त्यातली ऐरण बहुधा आधी झिजते, म्हणजे साखळी तुटते. तरी काही पेशंटना बऱ्यापैकी ऐकू येत असतं. कारण तुटलेल्या जागी ती पिशवीच टेकलेली असते! पडद्याची थरथर तिच्यातून रिकीबीपर्यंत जाते. रोगच पूल झालेला असतो, आणि रोग काढायचा म्हणजे पूलही जातो. आईंच्या कानात हेच होतं असं मी इथे बसून छातीठोकपणे सांगणार नाही, पण तुमच्या वर्णनाशी ते जुळतं.

मग पिशवी राहू द्यावी का? चेहऱ्याची नस तिथून काही मिलिमीटरवरून जाते. तोल सांभाळणाऱ्या नळ्या शेजारीच. मेंदूच्या आवरणाला वेगळं ठेवणारं हाड अंड्याच्या टरफलाइतकं पातळ असतं. मेंदूत पू झालेले पेशंट मी पाहिले आहेत. म्हणून या ऑपरेशनचा पहिला हेतू कान निर्धोक आणि कोरडा करणं हा असतो, ऐकणं दुसरं. तुमच्या डॉक्टरांनी 'यशस्वी' म्हटलं ते पहिल्या हेतूबद्दल. हे ऑपरेशनच्या आधी सांगायला हवं होतं, नंतर नव्हे. इथे मी तुमच्या बाजूचा आहे.

दर सहा महिन्यांनी सफाई लागते, त्यावरून आईंच्या कानाच्या नळीची मागची भिंत काढलेली असावी. निरोगी कानातली कातडी मळ आपणहून बाहेर सरकवत नेते. त्या मोठ्या पोकळीत हे जमत नाही. भिंत ठेवूनही ऑपरेशन करता येतं, पण रोग उरलाय का हे पाहायला बहुधा वर्षभराने कान पुन्हा उघडावा लागतो. लांबच्या गावचा पेशंट परत येईलच याची खात्री नसेल तर मीही भिंत काढतो. सफाईच्या वेळी गरगरतं म्हणून आई टाळत असतील, तर तसं सांगा. सक्शनच्या गार हवेने तसं होतं, थांबत थांबत साफ करता येतं.

धंद्याबद्दल. पहिल्या प्रकारचं कोरडं छिद्र, ऐकण्याची तक्रार नाही, वय सत्तर, अशा कानाला ऑपरेशनची घाई करणारे डॉक्टर आहेत, नाही म्हणत नाही. तिथे आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस पुरतो.

कानाची ऑपरेशनं आपल्याकडे प्राचीन काळापासून होतात, असं म्हणत खाली एका गृहस्थांनी सुश्रुतांचा दाखला दिलाय. सुश्रुतांनी कानाची पाळी जोडण्याच्या पंधरा पद्धती सांगितल्या हे खरं आणि थोर, पण ते बाहेरच्या कानाबद्दल. मधला कान नुसता साफ न करता पुन्हा उभारायचा, हे पद्धतशीरपणे सुरू झालं 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, जर्मनीत वुलस्टाइन आणि त्सोलनर यांच्या कामातून. आणि हो, लसणीचं कोमट तेल फुटक्या कानात कृपा करून घालू नका.

ताई, आईंच्या ऑपरेशनचा कागद शोधा. त्यात रिकीब, म्हणजे स्टेपीस, शाबूत होती का ते पाहा. कान वर्षभर कोरडा असेल तर हाडांची साखळी जोडायचा विचार करता येतो, कधी पेशंटच्याच हाडाचा तुकडा घासून, कधी टायटॅनियमचा दांडा बसवून. पुन्हा ऑपरेशन नको असेल तर श्रवणयंत्र लावता येईल. कान वाहत असताना त्याचा साचा कानात ठेवणं अवघड होतं, आता तसं नाही. ताजा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढला की यातलं काय जमेल ते कळेल.